बाहेरचा सायलेन्सर

१

गाडी मेली होती, यात कोणाचंच दुमत नव्हतं. गिअरमध्ये टाकून कितीही ढकलली तरी मागचं चाक फिरण्याऐवजी फरशीवर फरफटत होतं. इंजिन आतून लाकडासारखं घट्ट झालं होतं. भांडण होतं ते तिच्या उजव्या कुशीला लटकणाऱ्या काळ्या, आखूड, जाड नळकांड्यावरून.

सर्व्हिस सेंटरच्या मागच्या अंगणात, फुटके आरसे आणि जुने टायर यांच्या ढिगाशेजारी कंपनीची तपासनीस उकिडवी बसली होती. बसताना तिचे गुडघे कटकन वाजले, आणि आतल्या कुणा मेकॅनिकनं "एक्स-रे आली रे!" असं कुजबुजलेलंही तिला ऐकू आलं. सगळ्या सेंटरांत तिला हेच नाव पडलं होतं. वॉरंटी नाकारली आणि तरी गिऱ्हाईक गप्प बसेना, की कंपनी तिला पाठवायची. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या लेखी ती कंपनीची, कंपनीच्या लेखी गिऱ्हाइकाची, आणि सर्व्हिस सेंटरच्या लेखी नुसती ब्याद.

"बघा मॅडम, काय ते स्वच्छ दिसतंय," मॅनेजर सावलीतूनच म्हणाला. "सायलेन्सर बाहेरचा. कंपनीचा शिक्का नाही, काही नाही. लोक निदान वॉरंटी मागायला येताना असला माल काढून ठेवतात, कंपनीचा लावून आणतात. ही बाई तसाच घेऊन आली आणि वर म्हणते, हा माझा नाहीच. आता गाडीला काय आपोआप फुटला का सायलेन्सर, कोंब फुटावा तसा?"

"तुम्ही वॉरंटी नाकारलीत?"

"मी कशाला नाकारू? मी फक्त फोटो पाठवले. नाकारली तुमच्या ऑफिसनं."

आणि ऑफिस म्हणत होतं, सर्व्हिस सेंटरनं सांगितलं म्हणून नाकारली. तपासनिसानं कपाळावरचा घाम पुसला. सकाळपासून दोन बस बदलून ती इथवर आली होती ती ही टोलवाटोलवीची चेंडूफळी पाहायला. सेंटरच्या दर्शनी भिंतीवर लाल रंगात मोठी पाटी होती: 'बाहेरचा सायलेन्सर लावल्यास वॉरंटी रद्द.'

"हे कोणी लिहिलं?"

"आम्हीच. का?"

"नियम असा नाहीये. बाहेरच्या भागामुळे बिघाड झाला असेल, तर त्या बिघाडापुरती वॉरंटी जाते. सायलेन्सर बदलला म्हणून हॉर्नची वॉरंटी जात नाही."

"ते माहीत आहे हो मला," मॅनेजर हसला. "पण एवढं सगळं पाटीवर मावतं का? लोक घाबरले म्हणजे झालं."

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. "सायलेन्सर बाहेरचा आहे ना? मग दोन ओळी लिहा आणि मोकळ्या व्हा. तुमच्यामागे अजून बारा गावची भांडणं पडलीयेत."

तिनं फोन ठेवला आणि नाइलाजानं पुन्हा गाडीकडे पाहिलं. ब्रेकच्या दांडीचं टोक झिजून चपटं झालेलं. उजवा आरसा गायब. उजव्या पायाखालचं रबर किसणीवर धरल्यासारखं सोललेलं. इंजिन चालता चालता अडकलं, मागचं चाक जाम झालं, आणि गाडी पुलाच्या उतारावर उजव्या कुशीवर घसरत गेली, असं त्या बाईनं तक्रारीत लिहिलं होतं. तेवढं तरी खरं होतं.

मग तपासनीस वाकली, आणि तशीच वाकून राहिली. सायलेन्सर उजवीकडेच होता. पायाच्या रबरापेक्षाही बोटभर बाहेर आलेला. गाडी त्या अंगावर घसरली तर सगळ्यात आधी तोच सोलून निघायला हवा होता.

त्याच्यावर एक ओरखडाही नव्हता.

२

गाडीची मालकीण लोकांना चालायला शिकवायची. पक्षाघात झालेले, मांडीचं हाड जोडलेले, पडून पडून सांधे आखडलेले म्हातारे. त्यांच्या घरोघरी जाऊन ती व्यायाम करून घ्यायची. पेशंट तिला नुसतं 'ताई' म्हणत. आता ताई स्वतःच खुर्चीत बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"तुम्हीही तेच विचारणार ना?" तपासनीस बसायच्या आतच तिनं सुरुवात केली. "मग माझं उत्तर पाठ आहे. मी सायलेन्सर बदलला नाही. मला गाडीचा आवाज मोठा करून कोणाला ऐकवायचाय? माझे पेशंट दारावरची बेल वाजली तरी दचकतात."

"मी तसं विचारणार नव्हते. गाडी पडल्यावर कुठे कुठे गेली, ते सांगा."

ताईनं तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. हे आजवर कोणी विचारलं नव्हतं बहुतेक.

"मी तिथूनच हॉस्पिटलमध्ये गेले. ऑपरेशन करून मनगटात पट्टी घालायची होती, चार दिवस तिथेच. भावजी टेंपो करून गाडी आणायला गेले. पण त्या दिवशी सेंटरला सुट्टी. मग रात्रभर गाडी इथेच खाली अंगणात होती, दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटरला पोचवली."

"कोणी पोचवली?"

"मीच," दारातून आवाज आला. ताईचा दीर मोबाइलमध्ये डोकं घालून चौकटीला टेकला होता. "टेंपोत चढवली, उतरवली, आलो."

"तेव्हा सायलेन्सर कोणता होता?"

"मी काय सायलेन्सर बघत बसलो होतो का? वहिनी हॉस्पिटलमध्ये, घरात जेवणाचे वांधे…"

"तुम्हाला गाड्यांची आवड आहे म्हणे."

"कोण म्हणालं?"

कोणी म्हणालं नव्हतं. त्याच्या टी-शर्टवरच धूर सोडणारी मोटरसायकल छापलेली होती. पण तो गडबडला एवढं खरं. "मी कधी बाहेरचा सायलेन्सर विकतसुद्धा घेतलेला नाही," तो म्हणाला, आणि आत निघून गेला. हे तर त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

स्वयंपाकघरात ताईचा नवरा ओट्याखाली शिरून नळ दुरुस्त करत होता. एका मोठ्या इमारतीच्या पाण्याच्या लाइनी आणि पंप त्याच्याकडे होते. ताईची गाडी सर्व्हिसला सोडायलाही तोच जायचा. उंच, शांत, बोटं सतत काहीतरी करत असलेली. आट्यांवर त्यानं पांढरी टेप सफाईनं गुंडाळली, नळ पिळून बसवला, तोटी उघडून पाहिली आणि मगच हात पुसत बाहेर आला.

"आमच्या घरात एवढी एकच चैन," ताई म्हणाली. "नळ कधी गळत नाही."

"मॅडम, जाऊ द्या ना आता," नवरा हळूच म्हणाला. "हिला किती त्रास होतोय बघा. रोज फोन, रोज भांडण. गाडी गेली तर गेली. जीव वाचला."

"गेली तर गेली?" ताई उसळली. "माझे नऊ पेशंट अंथरुणात पडून आहेत. सुताराच्या आईनं आत्ता कुठे पहिलं पाऊल टाकलं होतं, ती परत झोपलीय. आणि ते सोड. त्या काउंटरवर सगळ्यांसमोर तो मॅनेजर म्हणाला, 'बाई, खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते.' तू ऐकलंस ना? होतास ना शेजारी?"

"होतो."

"मग? मी ते तसंच गिळू?"

नवरा ओट्याखालची हत्यारं गोळा करू लागला. तपासनीस उठली. इतक्या वर्षांत तिनं खोटं बोलणारी गिऱ्हाइकं पोत्यानं पाहिली होती. खोटं बोलणाऱ्याला गाडीचा हिशोब हवा असतो. या बाईला त्याआधी तिचा शब्द परत हवा होता.

पायऱ्या उतरताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मॅनेजर म्हणाला ते बरोबर होतं. लोक बाहेरचा काढून कंपनीचा लावतात. इथे कोणीतरी बरोबर उलटं केलं होतं. मेलेल्या गाडीला उगीच कोणी नटवत नाही.

हा दावा मेलेलाच राहावा असं कोणाला वाटत होतं?

३

उत्तर तिला दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटरच्या दारातच सुचलं, आणि ते इतकं सोपं होतं की आदल्या दिवशी का सुचलं नाही याचा तिला राग आला.

गाडीची शेवटची सर्व्हिस इथेच झाली होती. इंजिन जाम होतं ते बहुतेक तेलावाचून. तेल भरायला विसरले असतील, खालचा बोल्ट सैल राहिला असेल, फिल्टर उलटा बसला असेल. दावा मंजूर झाला की इंजिन उघडलं जाणार, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याचं बिंग फुटणार. दावा दारातच मारला, तर इंजिन उघडायचा प्रश्नच नाही. आणि बाहेरचे जुने सायलेन्सर तर मागच्या अंगणात पडीकच होते.

"इंजिन उघडा," ती मॅनेजरला म्हणाली.

"मंजुरी लागते मॅडम."

"मी देतेय."

"लेखी लागते."

"लिहून देतेय."

"मग जागा नाहीये. तिन्ही रॅम्पवर गाड्या आहेत. वस्तादही रजेवर आहे."

"वस्ताद समोर चहा पितोय."

मॅनेजरनं वळून पाहिलं. हेडमेकॅनिकनं कप खाली ठेवला. सेंटरमधले सगळे त्याला वस्ताद म्हणत. शेवटची सर्व्हिस त्यानंच केली होती.

"उघडतो की," वस्ताद म्हणाला. आवाजात चीड होती. "केव्हापासून म्हणतोय मी, उघडा म्हणून. माझ्यावरच संशय आहे ना? मग माझ्यासमोरच होऊ दे."

दुपारपर्यंत तपासनीस घामानं निथळत त्याच्या डोक्यावर उभी राहिली. मोठ्या साहेबांचे दोन फोन तिनं उचलले नाहीत. खालचा बोल्ट घट्ट होता. त्यानं तो सोडला आणि ट्रेमध्ये तेल पडू लागलं; चांगलं, भरपूर, हवं तेवढं. फिल्टर सरळ बसलेला. सर्व्हिसमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती.

तिला एकदम थकवा आला. चोर सापडला म्हणून दार उघडावं आणि आत रिकामी खोली निघावी, तसं झालं.

मग वस्तादनं बाजूचं झाकण काढलं, आत बोट घातलं, आणि थांबला. तेल वर चढवणाऱ्या पंपाची छोटी दातेरी चकती त्यानं तळहातावर घेतली. तिचे अर्धे दात उडालेले होते.

"तेल होतं, पण वर जातच नव्हतं," तो म्हणाला. "हे आमचं नाही मॅडम, आणि त्या बाईंचंही नाही. हा भाग कारखान्यातूनच कच्चा आलाय. यात सायलेन्सरचा काय संबंध? शेपटीला काहीही बांधा, पोटातली चकती कशी तुटेल?"

तिनं साहेबांना फोन लावून चकतीचं सांगितलं.

"चकतीचं कोणापुढे बोलला नाहीत ना?" साहेबांनी पहिला प्रश्न हा विचारला. "बरं झालं. हे बघा, गाडीला बाहेरचा सायलेन्सर आहे. आपण तिथेच थांबायचं. पुढे जायची गरज काय?"

"साहेब, तो सायलेन्सर गाडी पडली तेव्हा गाडीवर नव्हताच."

"हे सिद्ध करता येईल?"

"ओरखडे नाहीत त्याच्यावर."

"ओरखडे पुसता येतात, पॉलिश करता येतं, ग्राहक काहीही करतो. कोणी बसवला ते सांगा. ते सांगता येत नसेल तर नाकारलेलं नाकारलेलंच राहील."

फोन बंद झाला. सेंटरला आता काही लपवायचं नव्हतं, म्हणजे तिचा एकुलता एक संशयितही गेला. आणि आता तर कोणीतरी सापडणं भागच होतं.

४

सायलेन्सर विकणाऱ्याचं दुकान चौकापलीकडे होतं. छतापासून जमिनीपर्यंत नळकांडी टांगलेली. मालक आत एका गिऱ्हाइकाला सायलेन्सरचा आवाज ऐकवत होता, त्यामुळे तपासनिसाला पहिली पाच वाक्यं ओरडून बोलावी लागली.

"हा? हा माझ्याकडचाच," सेंटरमधून काढून आणलेला सायलेन्सर हातात फिरवत तो म्हणाला. "मागच्या कडेला हा पोचा दिसतो ना, तो माझ्याच हातून पडलेला. म्हणून स्वस्तात दिला. पोरगा होता एक, टी-शर्टवर गाडी असलेला. 'वहिनीच्या गाडीला लावून बघतो' म्हणाला. आठवड्यानं परत करायला आला, वहिनी ओरडल्या म्हणून. मी परत घेत नाही."

"आणि हे काय?" पुढच्या टोकाला, इंजिनच्या नळीला जोडायच्या सांध्याच्या तोंडाशी काहीतरी पांढरं चिकटलेलं होतं. कालपासून तिला ते दिसत होतं. आतल्या भरावाचा कापूस बाहेर आला असेल, असं समजून तिनं सोडून दिलं होतं.

दुकानदारानं डोळे बारीक केले. "कापूस नाही हा. आमचा कापूस पिवळट असतो, आणि तो मागच्या टोकाला, पुढे येईलच कसा? काय माहीत काय आहे. मी नाही लावलेलं."

पण तिचं लक्ष आता दुसरीकडे लागलं होतं. दीर खोटं बोलला होता. ती तडक त्याच्या कामाच्या जागी गेली. तो एका कुरिअरच्या गोदामात खोकी लावत होता. सायलेन्सर पाहताच त्याच्या हातातलं खोकं जमिनीवर टेकलं.

"घेतला होता मी," तो म्हणाला. "दोन फेऱ्या मारल्या, वहिनीनं आवाज ऐकला, तेव्हाच काढायला लावला. दुकानात परत केला असं तिला सांगितलं आणि माळ्यावर टाकून दिला. देवाशपथ, नंतर हात लावला नाही."

"मग काल खोटं का बोललास?"

"तुम्ही सगळ्यांनी माझ्याच नावानं शंख केला असता!"

"आता वेगळं काय करणार आहोत? सायलेन्सर तुझा. गाडी आणली तू. सेंटरला पोचवली तू. मधल्या रात्री घरी तू."

त्याची मान खाली. मग रडवेला होऊन म्हणाला, "मला वहिनीची गाडी बंद पाडून काय मिळणार? रविवारी मीच ती चालवतो. सकाळी टेंपोत चढवताना बघितलं, तर माझा सायलेन्सर गाडीला. मला वाटलं, मला वेड लागलं का काय."

"आणि तरी काही बोलला नाहीस."

"नाही."

"का?"

त्यानं खोकं उचललं, रांगेत ठेवलं, नीट ठेवलेलं पुन्हा सरळ केलं.

"मॅडम, मी लावला नाही एवढंच सांगतो. कोणी लावला ते मला विचारू नका. मारलं तरी सांगणार नाही."

५

बाहेर येऊन ती फुटपाथवरच्या कठड्यावर बसली. डोकं भणभणत होतं. माणसं तोंड उघडत नव्हती, ऑफिस कान उघडत नव्हतं, आणि मधे ती, मांडीवर दुसऱ्याचा सायलेन्सर घेऊन. येणारे जाणारे बघत होते.

चिडूनच तिनं सांध्याशी चिकटलेलं ते पांढरं नखानं ओढलं. कापूस असता तर तुटला असता. हे ताणलं गेलं. आणखी ओढलं, तशी आतून एक पातळ, लवचिक पट्टी उलगडत आली, वेढ्यावर वेढे, एकावर एक अर्धा चढवत सफाईनं घातलेले. पांढरी शुभ्र.

ती तशीच बसून राहिली. मग उठली आणि ताईच्या घराच्या दिशेनं चालू लागली.

दार नवऱ्यानंच उघडलं. ताई आत झोपली होती. तपासनिसानं काही न बोलता ती पट्टी त्याच्या हातावर ठेवली.

"इंजिन चालू असताना हा सांधा तव्यासारखा तापतो," ती म्हणाली. "ही टेप तिथे काही मिनिटांत जळून कोळसा होते. ही कोरी राहिली, म्हणजे सायलेन्सर बसवल्यावर इंजिन एकदाही चालू झालं नाही. तो गाडी मेल्यानंतरच बसवलाय. ओरखडे का नाहीत, तेही यातच आलं. आणि गाडी मेल्यावर सेंटरला पोचेपर्यंत ती फक्त तुमच्या अंगणात होती."

तो टेपकडे बघत होता.

"सेंटरमधल्या माणसाला बसवायचा असता, तर त्यानं ही टेप लावली नसती. गाड्यांचं काम करणारा कोणीच लावणार नाही. तुमच्या भावानं हाच सायलेन्सर आधी एकदा बसवला होता, त्यालाही लागली नव्हती. सांधा किंचित ढिला लागला की टेप गुंडाळायची, ही सवय पाण्याच्या माणसाची. काल माझ्यासमोर तुम्ही नळाला गुंडाळलीत, अगदी अशीच, अर्ध्यावर अर्धा वेढा. आणि सायलेन्सर बदलला की वॉरंटी गेली, हे खरं मानणारा माणूस हवा होता. मॅनेजरला माहीत आहे ती पाटी नुसती धाक दाखवायला आहे. वस्तादला माहीत आहे. त्या पाटीवर विश्वास ठेवला तो गाडी सर्व्हिसला सोडायला जाणाऱ्या कोणीतरी."

त्यानं ती पट्टी बोटाभोवती गुंडाळली. तिला वाटलं, आता हाही नाकारणार. मग तो जिन्याखालच्या त्याच्या सामानाच्या कोठडीत गेला आणि पाइपांच्या मागून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. कंपनीचा सायलेन्सर. उजवी बाजू पार सोलून निघालेली.

"फेकून का दिला नाही?"

"चांगला आहे हो," तो म्हणाला. "घासला की लागेल परत."

तिला हसावं की रडावं कळेना.

"हॉस्पिटलमध्ये तिला आत नेलं तेव्हा तिच्या ओढणीला रक्त होतं," तो खाली बसत म्हणाला. "तिनं मला काय विचारलं माहितीये? 'गाडी कुठाय?' मी घरी आलो तर गाडी दारात. मला त्या गाडीकडे बघवेना. दुरुस्त झाली की ही परत तिच्यावर बसणार, परत त्या पुलावरून जाणार. सांगून ऐकेल अशी ती नाही. म्हटलं, वॉरंटी गेली की आपोआप प्रश्न मिटेल. कोणाचाच दोष नाही. माळ्यावर हा होता, लावून टाकला."

"कोणाचाच दोष नाही?"

"मला काय माहीत, तो मॅनेजर तिला तसं बोलेल…"

"बोलला तेव्हा तर माहीत झालं ना?"

मागून प्लास्टर चौकटीवर आपटल्याचा आवाज आला. ताई दारात उभी होती. केव्हापासून, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

६

ती ओरडेल असं दोघांनाही वाटलं होतं. ती ओरडली नाही. गोणपाटापाशी बसली, डाव्या हातानं त्या सोललेल्या सायलेन्सरवरून बोट फिरवलं.

"मी रोज रात्री डोकं खाजवायची," ती म्हणाली. "की माझ्याच हातून काही झालं का, मीच विसरले का. तुला विचारायची. तू म्हणायचास, 'झोप आता.'"

"अगं, मला भीती वाटली…"

"भीती मलाही वाटली. पडले मी होते. पण भीती वाटली तर माणूस म्हणतो, मला भीती वाटते. तेवढं म्हणायचं होतंस. भांडलो असतो. कदाचित मी पुलावरून न जाता लांबच्या रस्त्यानं गेले असते. तू मला विचारलंच नाहीस. माझ्या पायातला काटा काढतो म्हणून पायच बांधून ठेवलास." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "आणि लोकांसमोर मी खोटी पडत होते तेव्हा शेजारी उभा राहून बघत होतास. मनगटाचं हाड जुळेल. हे कसं जुळवायचं, तूच सांग."

तपासनीस चपला शोधू लागली. अशा वेळी परक्या माणसानं घरात थांबू नये.

"मॅडम, दाव्याचं काय?" ताईनं विचारलं.

"मंजूर करायला लावेन. चकती कंपनीची कच्ची होती. सायलेन्सर कोणीही बसवला असता, अगदी तुम्ही स्वतः लावून फिरत असतात, तरी त्या चकतीशी त्याचा संबंध नव्हता. नियम तेवढाच आहे. साहेबांना कोणी बसवला ते हवं होतं. आता तेही आहे. अहवालात घरातली भांडणं लिहायची गरज नाही. 'अपघातानंतर घरच्या माणसानं बसवला,' एवढं पुरे."

"नाही," ताई म्हणाली. "अहवाल तुमचा, तो हवा तसा लिहा. पण त्या काउंटरवर यानं सांगायचं. स्वतः. आत्ता."

तिघं सेंटरला पोचली तेव्हा दालन गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. मॅनेजर फोनवर कोणाला तरी हिरिरीनं समजावत होता. नवरा काउंटरपाशी जाऊन उभा राहिला, खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात गोणपाटाचं गाठोडं. मॅनेजरनं फोनवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"नळाचं काम ना? मागून जा, संडासाशेजारी गळतंय."

"नाही, मी…"

"मागून, मागून," म्हणून तो पुन्हा फोनवर.

नवऱ्यानं वळून बघितलं. ताई दाराशी उभी होती. तिनं मान हलवली नाही, हात हलवला नाही. मदत मिळणार नव्हती. तपासनिसाचा हात नकळत पुढे झाला होता, तिनं तो मागे घेतला.

"तो सायलेन्सर मी लावला!" नवरा म्हणाला. जन्मात कधी एवढ्या मोठ्यानं बोलला नसावा. आवाज शेवटी फाटला. रॅम्पवरची ठोकाठोक थांबली. फोनच्या पलीकडचा माणूसही थांबला असावा, कारण मॅनेजरनं फोन कानापासून दूर केला. "माझ्या बायकोच्या गाडीला. गाडी पडल्यावर, तिला न सांगता. हा खरा सायलेन्सर. ती पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. तुम्ही तिला खोटी म्हणालात तेव्हा मी इथेच उभा होतो, आणि गप्प बसलो."

वस्ताद हात पुसत पुढे आला, नवऱ्याच्या हातातलं गाठोडं सोडून सोललेली बाजू त्यानं उजेडाकडे धरली आणि मॅनेजरपुढे ठेवली. मॅनेजर सायलेन्सरकडे, मग नवऱ्याकडे, मग तपासनिसाकडे बघत राहिला. टोलवायला या खेपेस कोणी उरलं नव्हतं. शेवटी तो उठला, काउंटरला वळसा घालून ताईपर्यंत गेला.

"ताई, माझं बोलणं चुकलं," तो म्हणाला. "बसा ना तुम्ही. पाणी मागवू?"

ताई बसली नाही. नवऱ्याकडेही तिनं पाहिलं नाही. ते घरी व्हायचं होतं, आणि लवकर मिटणारं नव्हतं.

"पाणी नको," ती म्हणाली. "गाडी कधी मिळेल ते सांगा."